चर्चा: नव्या ट्रेडरनं आधी कागदावर सराव करावा की थेट खरे पैसे लावावेत?

धरमपेठकर:
नागपुरात हल्ली डीमॅट उघडल्याच्या आठवड्यातच पोरं ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या मुदतीच्या करारांत, उतरतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात आकडा आहे: तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा. माझं मत स्पष्ट आहे, पहिले १०० सौदे कागदावरच, म्हणजे पैसे न लावता फक्त वहीत. प्रत्येकाआधी खरेदीचा भाव, स्टॉपलॉस (ज्या भावाला तोटा मान्य करून विकायचं तो भाव), कारण आणि शेअरची संख्या लिहायची. संख्या अंदाजपंचे नको. भांडवल २ लाख, एका सौद्यात जोखीम १ टक्का, म्हणजे २,००० रुपये. खरेदी ४८०, स्टॉपलॉस ४६८, शेअरमागे १२ रुपये. २,००० भागिले १२, म्हणजे १६६ शेअर. हे अंगवळणी पडेपर्यंत पैसा लावू नये.

इतवारी:
गणित बरोबर आहे भाऊ, पण वहीत भाव ४६८ ला टेकला की आपण 'विकले' लिहून मोकळे होतो. खऱ्या बाजारात ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) ४६८ आणि लिमिटही (ज्याखाली विकायचं नाही) ४६८ ठेवली, तर भाव झपकन ४६७ वर जातो आणि ऑर्डर तशीच पडून राहते. दोन्हींत अंतर ठेवावं लागतं. किती, ते त्या शेअरच्या बिड-आस्कमधल्या, म्हणजे घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातल्या, फरकावरून ठरतं. लोअर सर्किट लागलं, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकला, तर घेणाराच नसतो. आणि स्टॉपलॉस खाली सरकवायचा मोह खरा पैसा अडकल्यावरच होतो. तो आवरणं हेच तर शिकायचं आहे नं? ५ शेअरनं सुरुवात करा, पण खऱ्या पैशानं करा.

त्रिमूर्तीनगर:
५ शेअरमध्ये हिशेब बिघडतो. डिलिव्हरीचे, म्हणजे डीमॅट खात्यात आलेले, शेअर विकले की ते खात्यातून बाहेर जाण्याचं डीपी शुल्क कंपनीमागे दिवसाला एकदा लागतं, संख्या कितीही असो. १५ रुपये धरले तर २,४०० च्या सौद्यात ०.६ टक्क्याहून जास्त गेले. चांगली पद्धतही वहीत तोट्याची दिसते आणि माणूस ती सोडून देतो.

इतवारी:
मग खर्चाचा रकाना वेगळा ठेवा. एवढ्यासाठी १०० सौदे कागदावर काऊन?

धरमपेठकर:
कारण ४० टक्के सौदे यशस्वी आणि नफा तोट्याच्या दुप्पट, अशी पद्धत फायद्याची असूनही १०० सौद्यांत सलग ६ तोटे सहज येतात. १ टक्का जोखमीत भांडवल ६ टक्के उतरतं. ५ टक्के जोखमीत २६ टक्के जातं आणि मूळ जागी यायला ३६ टक्के नफा लागतो. ही साखळी आधी वहीत दिसली म्हणजे चौथ्या तोट्यानंतर रक्कम दुप्पट करायची बुद्धी होत नाही.

वर्धा रोड:
रात्रीचा धोका दोघांच्याही हिशेबात नाही. ४८० ला घेतलेला शेअर कंपनीच्या नफा-तोट्याच्या निकालानंतर सकाळी ४५० ला उघडला, तर १६६ शेअरवर २,००० नव्हे, ४,९८० गेले. साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. जीटीटी, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत दिवसांमागून दिवस राहणारी ऑर्डर, टिकते, पण भाव लिमिटच्याही खाली उघडला तर सौदा होत नाही. मॉयल, सोलर या कंपन्या आपल्या नागपूरच्या म्हणून लोक विश्वासानं धरून बसतात, निकालाची तारीख मात्र पाहत नाहीत.

इतवारी:
हे पटलं. निकालाआधी संख्या निम्मी करायची, नाहीतर बाहेर राहायचं. पण ४,९८० चा फटका कागदावर लागतच नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

धरमपेठकर:
बरं, १०० चे ५० करतो, पुढचे ५० तुमच्या ५ शेअरनं. मात्र त्या खऱ्या ५० मध्ये स्टॉपलॉस एकदाही खाली सरकवला, तर मोजणी पुन्हा १ पासून.