मदत हवी आहे: लोकेशन नाकारलं तरी साइटला शहर कसं कळतं?

इंदूरकर मंडळी, जरा मार्ग सुचवा. रामबागेतल्या घरी जुना डेस्कटॉप आहे, त्यात जीपीएस नाही. तरी परवानगी दिली की नकाशावरचं टिंब थेट आमच्या गल्लीत! हे आसपासच्या वायफायवरून ओळखतात, एवढं ठाऊक आहे. पण नकार दिला तरी जाहिराती येतातच, त्याही भोपाळच्या. म्हणजे आयपी पत्त्यावरून (इंटरनेट कनेक्शनच्या नंबरावरून) अंदाज बांधतात ना? हा अंदाज व्हीपीएन (आपला आयपी पत्ता लपवणारी सेवा) न घेता थांबवता येतो का? अँड्रॉइड १२ पासून फोनवर अॅपला नुसतं ढोबळ लोकेशन देता येतं, तशी सोय कम्प्युटरच्या क्रोममध्ये कुठे आहे? हवामान बघायला गल्ली कशाला कळायला हवी! आणि हो, बाबांनी कुठकुठल्या साइटना आधीच ‘अलाऊ’ करून ठेवलंय, ती यादी कुठे सापडेल?