हार्ड डिस्कचं एक पार्टिशन विंडोजला दिसत नाही, डेटा न घालवता दुरुस्त कसं करू? (तातडीची मदत हवी)

शब्दवेल
नमस्कार. आमच्या दिवाळी अंकाच्या सगळ्या फाईली एका एक्सटर्नल हार्ड डिस्कवर आहेत. डिस्कला दोन पार्टिशनं (भाग) आहेत. पहिलं उघडतं, दुसरं दिसतच नाही. दुकानवाला म्हणतो पार्टिशनचं लेबल चुकलंय, फॉरमॅट करावं लागेल. मला फॉरमॅट करायचं नाही. परवा छापखान्यात पीडीएफ द्यायच्या आहेत. कृपया लवकर सांगा.

जुनाखोड
टेस्टडिस्क हा पार्टिशन परत आणणारा प्रोग्रॅम वापरा. फुकट आहे. माझं अख्खं पार्टिशन उडालं होतं, तेही त्याने परत आणलं. दुसरं काही करत बसू नका.

रानवाटा
थांबा, आधी नीट कळू दे. लेबल म्हणजे नेमकं काय? ड्राइव्हचं नाव, सी-डी-ई हे अक्षर, की पार्टिशनचा प्रकार? विंडोज कुठलं? डिस्क मॅनेजमेंट उघडलंत तर दुसऱ्या पार्टिशनवर काय लिहिलेलं दिसतं?

मधलीसुट्टी
नाव बदलणं एकदम सोपं आहे. ड्राइव्हवर राइट क्लिक, रीनेम. फाइल सिस्टिम (फाईली साठवायची पद्धत) एनटीएफएस असेल तर ३२ अक्षरांपर्यंत नाव चालतं, फॅट३२ असेल तर ११.

शब्दवेल
@मधलीसुट्टी ड्राइव्ह दिसतच नाही तर राइट क्लिक कशावर करू?
@रानवाटा विंडोज १०, डिस्क २ टीबी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पट्टी दिसते, हेल्दी लिहिलंय, पण अक्षर नाही. राइट क्लिक केलं की फक्त 'डिलीट व्हॉल्यूम' चालू आहे, बाकी सगळं फिकट.

चकोर
'डिलीट व्हॉल्यूम'ला हात लावू नका! ही पार्टिशनं कुणी आणि कुठल्या मशीनवर केली?

शब्दवेल
त्याने काय फरक पडतो? त्याच दुकानात करून घेतली होती, त्यांच्याकडे लिनक्स आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, तिथे लावली की सगळ्या फाईली दिसतात. उघडतातसुद्धा.

रानवाटा
अहो, हेच तर पहिल्यांदा सांगायचं! फाईली शाबूत आहेत. भाच्याच्या लॅपटॉपवर 'एलएसबीएलके -एफ' आणि 'सुडो एफडिस्क -एल' चालवा आणि दुसऱ्या पार्टिशनपुढे काय येतं ते लिहा.

जुनाखोड
इतका खटाटोप कशाला? टेस्टडिस्कमध्येही प्रकार बदलता येतो, टी दाबला की झालं.

चकोर
येतो, पण टेस्टडिस्क हे हरवलेलं टेबल, म्हणजे डिस्कवरची पार्टिशनांची यादी, शोधायचं हत्यार आहे. इथे टेबल जागेवर आहे, त्यातली एक नोंद चुकली आहे. नवख्या माणसाने त्यात डीप सर्च करून भलतंच टेबल लिहिलं तर आजचा साधा प्रश्न उद्या मोठा होईल.

जुनाखोड
माझ्या बाबतीत कधी बिघडलं नाही.

शब्दवेल
पहिल्या कमांडमध्ये दोन्हींपुढे एनटीएफएस. दुसरीत वर 'डिस्कलेबल टाइप: डॉस'. पहिल्या पार्टिशनपुढे ७, दुसऱ्यापुढे ८३ लिनक्स. आता पटकन सांगा.

चकोर
सापडलं. डिस्कवर एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीचं टेबल आहे. पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये चार पार्टिशनांच्या नोंदी असतात, प्रत्येकी १६ बाइट. त्यातला एक बाइट प्रकार सांगतो. एनटीएफएससाठी तो ०७ लागतो, तुमच्याकडे ८३ आहे. लिनक्सचं एफडिस्क नवीन पार्टिशनला आपोआप ८३ देतं, आणि नंतर एमकेएफएस.एनटीएफएस या कमांडने फॉरमॅट केलं तरी तो आकडा बदलत नाही. लिनक्स आतली फाइल सिस्टिम स्वतः तपासतं म्हणून तिथे उघडतं. विंडोज ८३ बघून ते पार्टिशन आपलं नाही असं धरून सोडून देतं. तो एक बाइट बदलायचा आहे, फाईलींच्या जागेला धक्का लागत नाही.

मैलाचादगड
विंडोजमध्येच होईल की. डिस्कपार्ट ही कमांड उघडा, मग सिलेक्ट डिस्क, सिलेक्ट पार्टिशन, 'सेट आयडी=०७'.

रानवाटा
बरोबर आहे, एमबीआरवर चालतं. पण डिस्कपार्टमध्ये चुकीची डिस्क निवडली गेली तरी ते पुन्हा विचारत नाही, आणि घाईत कुणी 'क्लीन' दिलं तर टेबलच जातं. एफडिस्कमध्ये डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. छापखान्याची तारीख डोक्यावर असताना मी तरी एफडिस्कच सांगेन.

आणि शब्दवेलताई, काहीही करण्याआधी त्याच उबुंटूवरून फाईली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

शब्दवेल
७०० जीबी आहे, माझ्याकडे दुसरी डिस्क ५०० ची.

रानवाटा
मग या वर्षीच्या अंकाचं फोल्डर आणि ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही तेवढं आज उतरवा. पीडीएफ तयार असतील तर त्या उबुंटूवरूनच पेनड्राइव्हवर घ्या, छापखान्याचं काम तिथेच मोकळं होईल.

अक्षरओळख
अंक श्रीलिपीत केलाय का? युनिकोडवर या आता. जुन्या फॉन्टातल्या फाईली पुढे वापरताना अडचण येऊ शकते.

शब्दवेल
@अक्षरओळख हो, श्रीलिपीत आहे, पण तो विषय दिवाळीनंतर. @रानवाटा पीडीएफ पेनड्राइव्हवर घेतल्या, हे सुचलंच नव्हतं. फोल्डरही उतरवलं. आता पुढचं एकेक करून सांगा.

चकोर
आकारावरून आधी खात्री करा की हीच २ टीबीची डिस्क आहे. लिनक्समध्ये डिस्कचं नाव एसडीबी दिसत असेल असं धरतो, वेगळं असेल तर ते नाव घाला. दोन्ही पार्टिशनं अनमाउंट करा (वापरातून सोडवा, डिस्क जोडलेलीच ठेवा). मग 'सुडो एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीबी > टेबल.टीएक्सटी'. ही आताच्या टेबलाची प्रत, ती लॅपटॉपवर राहू दे. मग 'सुडो एफडिस्क /डेव्ह/एसडीबी'. आत टी दाबा, पार्टिशन नंबर २, प्रकार ७. मग पी दाबून बघा: दोन्हींपुढे ७ हवा, सुरुवात आणि शेवटचे सेक्टर आधीचेच हवेत. तसंच असेल तर डब्ल्यू. जरा जरी शंका आली तर क्यू दाबून बाहेर या, काही बदलणार नाही. मध्येच सिग्नेचर (फाइल सिस्टिमची खूण) काढू का असं विचारलं तर समजा टीऐवजी एन (नवीन पार्टिशन) दाबला गेलाय. नाही म्हणा आणि क्यू.

शब्दवेल
झालं!! विंडोजने स्वतःच एफ अक्षर दिलं, सगळी फोल्डरं आहेत, मागच्या अंकांचीसुद्धा. चकोर, रानवाटा, तुमचे खूप खूप आभार. दुकानात फॉरमॅटला हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, विचारही करवत नाही.

मैलाचादगड
छान. आता डिस्क काढताना दर वेळी 'सेफली रिमूव्ह' करा, नाहीतर उबुंटूवर ती फक्त वाचण्यापुरतीच उघडू शकते.

पाणकोंबडा
माझाही हाच प्रश्न आहे, पण डिस्क ४ टीबी. मीही ७ च देऊ का?

चकोर
नको. नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे तुमच्या डिस्कवर बहुधा जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचं टेबल असणार. तिथे प्रकाराच्या जागी लांबलचक ओळखक्रमांक (जीयूआयडी) असतो आणि विंडोजला 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा' हा प्रकार लागतो. जीडिस्कमध्ये (जीपीटीसाठीचं एफडिस्कसारखं हत्यार) त्याचा कोड ०७००. पण आधी 'एफडिस्क -एल'मध्ये काय येतं ते नव्या धाग्यात टाका, आणि डिस्क कुठल्या मशीनवर तयार केली तेही लिहा.