वाग्दत्ता असते, मग वाग्दत्त का नसावा?

धागाकर्ती: कुमारवयीन वाचकांसाठीच्या एका अद्भुतरम्य कादंबरीचा अनुवाद करते आहे. नाव आत्ता सांगत नाही, करारावर सह्या व्हायच्यात. दोन राज्यांतल्या वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवलेलं लग्न, असा विषय. गादीची वारस मुलगी आहे आणि शेजारच्या राज्याचा धाकटा राजपुत्र तहाचं कलम म्हणून तिला दिलाय. त्या जगात दिलेला शब्द मोडला की देणाऱ्याची वाचा जाते. मुलगी दिली असती तर 'वाग्दत्त वधू' तयारच होतं. इथे दिलाय मुलगा, म्हणून मी 'तिचा वाग्दत्त' लिहिलं. संपादकांनी लाल रेघ ओढून समासात 'हा कोण?' असं विचारलंय. दुसरा शब्द सुचवा. साखरपुड्याच्या वाटेला जाऊ नका, त्या राज्यात बाराही महिने बर्फ असतो, ऊस कुठला?

पळसाला पाने तीन: ऊस नसला म्हणून काय बिघडलं? 'साखरपुडा' म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे साखर येते? 'तेल' हा शब्द तिळापासून आला, तरी आपण शेंगदाण्याचं तेल, मोहरीचं तेल बिनदिक्कत म्हणतो. तुमच्या राजवाड्यात दिवे असतीलच. त्यांत तेल घालण्याआधी तिथे तीळ पिकतात का हे पाहिलंत?

धागाकर्ती: तेलातला तीळ झिजून गेलाय, पुड्यातली साखर अजून शाबूत आहे. बारा वर्षांचं मूलही तो शब्द फोडून दाखवेल.

जुनी पोथी: 'वाग्दत्त' व्याकरणाने निर्दोष आहे. वाचेने दिलेला तो वाग्दत्त, दिलेली ती वाग्दत्ता. पुल्लिंगी रूप कानाला खटकतं, कारण ते वापरायची वेळच कधी आली नाही. द्यायची ती कन्या. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात 'सकृत्कन्या प्रदीयते' असं आहे. वाटणी एकदाच होते, कन्या एकदाच दिली जाते आणि 'देतो' हेही एकदाच म्हटलं जातं, असा त्या श्लोकाचा अर्थ. यातलं तिसरं तुमच्या कादंबरीचं सूत्रच आहे की! शब्द फिरवला की वाचा गेली. संपादकांना सांगा, लाल रेघ मागे घ्या.

वाटसरू: पोथीबुवा, निर्दोष असेल हो, पण ते विशेषनाम वाटतं. देवदत्त, यज्ञदत्त, ब्रह्मदत्त आणि हे त्यांचे धाकटे बंधू वाग्दत्त. 'दारात तिचा वाग्दत्त उभा होता' वाचलं की मला वाटणार, नोकर आला. सरळ 'होणारा नवरा' लिहा. जिवंत मराठी आहे, लहान मुलालाही कळतं.

धागाकर्ती: दोन मैत्रिणींच्या गप्पांत तेच ठेवलंय. पण दरबारात चोपदाराने काय पुकारायचं? 'राजकुमारींचे होणारे नवरे येत आहेत हो'? अनेकवचन आदरार्थी आहे हे कळेपर्यंत वाचक रांग मोजत बसेल.

विसर्ग: 'नियोजित वर'. बातम्यांत, पत्रिकांत, पोलिसांच्या पंचनाम्यातसुद्धा चालतो.

पळसाला पाने तीन: नियोजित विमानतळ, नियोजित उड्डाणपूल, नियोजित वर. तिन्ही कधी उभे राहतील सांगता येत नाही. शिवाय 'नियोजित' आणि 'नियोग' एकाच धातूचे. नियोग म्हणजे पतीऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून मूल होऊ देण्याची जुनी चाल, पोथीबुवांना विचारा. कुमार वाचकांच्या पुस्तकात शोभणारं नाही.

विसर्ग: धातू एक म्हणून अर्थ एक? मग 'उद्योग' आणि 'वियोग'ही त्याच घरातले. नवऱ्याने उद्योग काढला की वियोग झाला म्हणायचं का?

काना मात्रा: एवढं रक्त कशाला आटवताय? 'फियान्से' लिहा. आजची सोळा वर्षांची मुलगी 'त्यांची एंगेजमेंट झाली' असंच बोलते. ज्यांच्यासाठी पुस्तक आहे त्यांच्या तोंडचे शब्द पुस्तकात नकोत का?

विसर्ग: तहात नवरा मिळालेली राजकन्या 'माझी एंगेजमेंट झाली' म्हणाली की पुढच्या ओळीत तिचा मोबाइल वाजणार. तोंडी रुळलेलं तेवढंच खरं असं धरलं असतं तर सावरकरांचे महापौर, दिग्दर्शक, दिनांक हे शब्द आज असते का? त्यांनाही आधी लोक हसलेच होते.

काना मात्रा: जे रुजले तेवढेच मोजलेत! न रुजलेल्यांची यादी कोण देणार? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी आज आपण अर्ज, हुकूम, दस्त, जमीन, वकील हेच म्हणतो.

जुनी पोथी: कवी माधव जूलियनांचं उदाहरण घ्या. 1925 साली फारसी-मराठी कोश केला तो त्यांनीच आणि 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला तोही त्यांनीच. माणसाला दोन्ही बाजू कळू शकतात.

काना मात्रा: म्हणजे वयानुसार शुद्धीची बाधा होते, एवढंच सिद्ध झालं.

वाटसरू: भांडण चालू द्या. मला वेगळीच शंका आहे. 'वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं लग्न' यासाठी तुम्ही पुस्तकभर काय वापरलंय? 'योजित विवाह' नाही ना?

धागाकर्ती: नाही. पण हे विचारलंत ते बरं झालं. सगळ्यांत जास्त वेळ तिथेच गेला. मुलीला पहिल्या प्रकरणात नुसतं कळतं की लग्न ठरलंय. कोणी ठरवलं हे तिला शेवटापर्यंत शोधायचंय. मूळ पुस्तकात त्यासाठी बरीच कसरत केली आहे, आपल्याकडे 'ठरलं' या एका क्रियापदात ती फुकट मिळते. लग्न ठरतं, जमतं, जुळतं. ठरवणारा वाक्यात लागतच नाही. 'तुझं लग्न ठरलं' एवढं म्हणून आत्या खोलीतून निघून जाते. मी तिथे दुसरा शब्द घातला नाही.

वाटसरू: वा! आणि तिला उत्तर सापडेल तेव्हा 'ठरवलं' करा. एक 'व' वाढला की माणूस पकडला गेला.

पळसाला पाने तीन: मग 'सोयरीक' का नको? 'सोयरीक ठरली'. बघणाऱ्यांची सोय ती सोयरीक, अशी माझी व्युत्पत्ती. तहातल्या लग्नाला चपखल.

जुनी पोथी: ही व्युत्पत्ती कपाळावर हात मारून घेण्यासारखी आहे. मात्र शब्द चांगला सुचवलात. तुकोबांच्या 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं'मधला सोयरा लग्नापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि कोकणीत 'सोयरो' म्हणजे पाहुणासुद्धा. दोन राज्यांचं नातं त्यात येतं.

धागाकर्ती: राज्यांचं नातं येतं, मुलगा येत नाही. त्याला काय म्हणू? सोयरा म्हटलं तर तो तिच्या बापाचा वाटतो.

विसर्ग: एक राहिलंच. तहाच्या समारंभाला तुम्ही वर कुठे नाव दिलेलं नाही. 'वाङ्निश्चय', म्हणजे शब्द देऊन लग्न पक्कं करणं, हा शब्द वापरणार असाल तर कृपया नीट लिहा. 'वाग्निश्चय' छापलेलं पाहिलं की डोकं उठतं.

जुनी पोथी: ते चूक नाही. पाणिनीचं सूत्र आहे, 'यरोऽनुनासिकेऽनुनासिको वा'. त्यातला शेवटचा 'वा' विकल्प देतो. वाङ्निश्चय आणि वाग्निश्चय, दोन्ही साधू, म्हणजे शुद्ध. 'वाङ्मय'मध्ये मात्र विकल्प नाही, कारण तिथे पुढे प्रत्यय आहे.

विसर्ग: मराठीत लिहितोय ना आपण? मराठीत जे रूढ तेच शुद्ध.

काना मात्रा: हे स्क्रीनशॉट काढून ठेवतेय. 'जे रूढ तेच शुद्ध', इति विसर्ग.

विसर्ग: तत्सम शब्दांपुरतं म्हणतोय मी.

काना मात्रा: हो हो. 'फियान्से'पर्यंत पोहोचू हळूहळू.

धागाकर्ती: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. चोपदारासाठी काहीतरी सांगा.

वाटसरू: चोपदाराला राजपुत्राचं नाव आणि त्याच्या राज्याचं नाव पुकारू दे. नातं सगळ्या दरबाराला माहीतच आहे. मैत्रिणींत 'होणारा नवरा'. आणि 'वाग्दत्त' फक्त तहाच्या मसुद्यात, जिथे तो खरंच दिला जातो.

पळसाला पाने तीन: तहाच्या मसुद्यात 'वाग्दत्त' कसा चालेल? तिथे शब्द लेखी आहे, वाचेने कुठे दिलाय? 'लेखदत्त' म्हणा.

जुनी पोथी: मसुदा आधी मोठ्याने वाचून दाखवत असतील तर वाग्दत्तच. वाचतात का हो त्या राज्यात?

विसर्ग: 'मसुदा' फारसी आहे.

जुनी पोथी: अरबी. फारसीतून आलेला.