लाकोटा योद्ध्यांची वहीतील चित्रे: साक्ष की शौर्यगाथा?

मूळ लेख:
बायसनांची (अमेरिकेतील रानटी गव्यांची) बेसुमार कत्तल होऊन चित्रे काढायला कातडी मिळेनाशी झाली, तेव्हा उत्तर अमेरिकेच्या मैदानांतील लाकोटा या मूलनिवासी जमातीचे योद्धे व्यापाऱ्यांकडून किंवा लष्करी ठाण्यांतून मिळालेल्या हिशेबाच्या वह्यांत आपले पराक्रम रेखाटू लागले. माझ्या मते ही चित्रे लोककलेच्या दालनात नव्हे, तर इतिहासाच्या दफ्तरात शोभतात. त्यांत घटना बहुधा उजवीकडून डावीकडे सरकते, डोक्यावरच्या चिन्हावरून योद्ध्याचे नाव कळते आणि खुरांच्या ठशांवरून घोड्याची वाट कळते. शत्रूला जिवंतपणी हाताने वा काठीने स्पर्श करणे हा मोठा मान होता. पण तो सांगायचा तर पाहणारे साक्षीदार लागत, त्यामुळे खोटे रेखाटणाऱ्याची गाठ आधी आपल्याच माणसांशी पडे.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. साक्षीदारांची अट पराक्रमापुरती होती. भीती, गोंधळ आणि माघार यांना त्या परंपरेत जागाच नव्हती. शिवाय लाकोटा व त्यांच्या मित्र जमातींनी कस्टर या अमेरिकी अधिकाऱ्याच्या सैन्याला हरवले ती लिटल बिगहॉर्नची लढाई २५ जून १८७६ रोजी सुरू झाली आणि तीत लढलेले लाकोटा योद्धे रेड हॉर्स यांनी तिची ४२ चित्रे १८८१ मध्ये, आरक्षित प्रदेशात राहत असताना, अमेरिकी लष्करातील एका डॉक्टरांच्या विनंतीवरून काढली. पाच वर्षांनी, अखेर युद्ध जिंकलेल्या अमेरिकनांच्या नजरेखाली काढलेल्या चित्राला साक्ष म्हणताना आपण थोडे थांबायला हवे.

मूळ लेखकाचे उत्तर:
नेमके रेड हॉर्स यांचेच उदाहरण आपल्या पहिल्या आक्षेपाला छेद देते. त्यांच्या कागदांवर मेलेले घोडे आहेत, सैनिकांची प्रेते आहेत आणि स्वतःच्या पक्षाचे मृतही आहेत. निव्वळ बढाई मारणारा माणूस ते कशाला काढील? दुसरे असे, की कस्टर यांच्यासोबत शेवटपर्यंत राहिलेला एकही सैनिक वाचला नाही. ते जिथे पडले त्या टेकडीवर काय घडले हे पाहिलेली जिवंत माणसे उरली ती विरुद्ध बाजूचीच. कस्टर यांच्या हाताखालील अधिकारी रीनो यांच्या या लढाईतील वर्तनाच्या १८७९ मधील चौकशीत बोलणाऱ्या अधिकाऱ्यांनाही आपापली अब्रू जपायची होती, तरी त्यांच्या जबान्या आपण कागदपत्रे म्हणून वाचतोच.

प्रतिसाद २:
मग याच लढाईची चित्रे काढणारे लाकोटा चित्रकार एमॉस बॅड हार्ट बुल यांचे काय करायचे? लढाईच्या वेळी ते लहान मूल होते. त्यांची चारशेहून अधिक चित्रे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हकिकतींवर उभी आहेत. मूळ वही १९४७ मध्ये बहिणीसोबत पुरली गेली, आज हाती छायाचित्रेच आहेत.

मूळ लेखकाचे उत्तर:
हा मुद्दा मला मान्य आहे. ते साक्षीदार नव्हते, आपल्या लोकांचे इतिहासकार होते, आणि माझा दावा मी प्रत्यक्ष लढलेल्यांच्या चित्रांपुरताच ठेवतो.