रेगिस्तानचा निळा घुमट: ऐतिहासिक म्हणायचा की नवा?

पायीपायी:
उझबेकिस्तानातल्या समरकंदला जाऊन आलो. रेगिस्तान चौकात तीन बाजूंना तीन मदरसे आहेत, चौथी बाजू मोकळी. डावीकडचा तैमूरचा नातू उलुग बेग याचा (१४१७-२०), त्याच्या समोर शेरदार (१६१९-३६), मधोमध तिल्लाकारी (१६४६-६०). नावाचा अर्थ नुसता 'रेतीची जागा'. तिल्लाकारीचा निळा घुमट उन्हात असा चमकत होता की मी पंधरा मिनिटं मान वर करूनच उभा होतो.

मग वाटाड्या सहज म्हणाला, हा घुमट १९७० च्या दशकातला, सोव्हिएत काळात चढवलेला. मूळ बांधणाऱ्यांनी तो पुरा केलाच नव्हता. माझा पार विरस झाला. सतराव्या शतकात जे झालंच नाही ते विसाव्यात बांधून वारसा म्हणून दाखवायचं, ही डागडुजी नव्हे, बनवाबनवी आहे. माझं मत स्पष्ट आहे: पडलेलं सावरा, नसलेलं बांधू नका.

चुनखडी:
साफ असहमत. त्याच चौकातला उलुग बेग मदरशाचा एक मिनार इतका कलला होता की १९३२ मध्ये शुखोव या रशियन अभियंत्याच्या योजनेनुसार तो अख्खा सरळ करावा लागला. तुम्ही ज्याला 'अस्सल' म्हणून फोटोत घेतलंत, तेही सोव्हिएत काळातल्या लोकांनीच हात लावला म्हणून उभं आहे.

आणि मूळ म्हणजे नक्की कुठलं हो? शेरदार आहे तिथे आधी उलुग बेगची खानकाह (सूफींचा मठ) होती. तिचा घुमट प्रचंड मोठा होता असं खुद्द बाबराने लिहून ठेवलंय. पुढे समरकंदचा सुभेदार यलंगतुश बहादुर याने त्या जागी शेरदार उठवला, नंतर तिल्लाकारीही त्यानेच. म्हणजे तुमचा 'मूळ' चौक उलुग बेगच्या दृष्टीने नवाच की!

उदगीरवाला:
धागाकर्त्यांना +१. आमच्या उदगीरहून बिदर जवळ. तिथला बहमनी वजीर महमूद गावानचा मदरसा १४७२ चा, मध्य आशिया-इराणच्या वळणाचा. १६९६ मध्ये आतल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा गेला. दोन मिनारांपैकी एकच उरलाय. त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशा अर्ध्या गळाल्यात, मधून आतलं बांधकाम दिसतं. कुणी दुसरा मिनार बांधून जोडी पुरी केली नाही, हे बरंच झालं. त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं की तो स्फोट कळतो.

चुनखडी:
@उदगीरवाला, बिदरला भिंती दगडी आहेत, म्हणून अर्धं पडलेलंही टिकतं. समरकंदचं सगळं काम विटांचं, वर भूकंपाचा प्रदेश. तिथे 'आहे तसं राहू द्या' म्हणजे शंभर वर्षांत ढिगारा.

आकाशवेडी:
सगळे घुमटावरच अडकलात. शेरदारच्या कमानीवर हरणामागे धावणारे दोन वाघ आहेत (की सिंह? अंगावर पट्टे आहेत, नाव मात्र 'शेर'. आपल्या चोपदार-फौजदारातलाच हा 'दार', म्हणजे वाघवाला मदरसा!). प्रत्येकाच्या पाठीवर सूर्य, आणि सूर्याला माणसाचा चेहरा, भुवयांसकट. इस्लामी वास्तूत प्राण्यांची चित्रं नसतातच असं ठासून सांगणाऱ्यांना मी हा फोटो पाठवते. समोरच्या उलुग बेग मदरशाच्या मिनाराजवळ जा: साध्या विटांच्या ओळींत निळ्या झिलईच्या विटा अशा बसवल्यात की लांबून नक्षी वाटते, जवळून अक्षरं. उलुग बेग १०१८ ताऱ्यांची यादी करणारा राजा. पुढे आपल्या सवाई जयसिंगानेही त्याच्या ग्रहताऱ्यांच्या सारणीचा आधार घेतला.

पण मला खटकतं ते वेगळंच. रशियन छायाचित्रकार प्रोकुदिन-गोर्स्कीने १९०५ ते १९१५ च्या दरम्यान काढलेले समरकंदचे रंगीत फोटो बघा. पगडीवाले व्यापारी, कापडाची दुकानं, खरबुजांची रास मांडून बसलेला विक्रेता. रेगिस्तान हा गावचा बाजार होता. आता तिकीट काढून आत जायचं. घुमट चढवला म्हणून नाही, बाजार उठवला म्हणून चौक खोटा वाटतो.

पायीपायी:
@आकाशवेडी, बाजाराचा मुद्दा पटला. @चुनखडी, मिनार सरळ करणं मला मान्यच आहे, तो मुळात सरळच होता. घुमट मुळात नव्हता. दोन्ही एका मापाने मोजू नका. निदान घुमट नवा आहे एवढं तरी लपवू नये.

चुनखडी:
लपवलंय कुठे? तिल्लाकारीच्याच अंगणातल्या खोल्यांत डागडुजीपूर्वीचे जुने फोटो लावलेत. तुम्ही पाहिले नाहीत का?

पायीपायी:
नाही. शेजारच्या खोलीत बायकोबरोबर भरतकामाच्या सुझनीचा भाव करत होतो.