टिन ऑक्साइड फिल्मचं रामन: ७७६ चा उंचवटा कुठून येतोय?

मंडळी, रामन स्पेक्ट्रमबद्दल (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून अणूंची कंपनं ओळखणं) मदत हवी आहे. स्प्रे पायरोलिसिसने (गरम पृष्ठभागावर द्रावण फवारून) काचेवर टिन ऑक्साइडची फिल्म केलीय, एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) ३८ अंशाजवळ २०० या स्फटिक-प्रतलाचा पीक ताडमाड, ११० चा नावापुरता, म्हणजे बहुतेक कणांचा स्फटिकातला ए अक्ष काचेला काटकोनात. मग बॅकस्कॅटरिंगमध्ये (लेझर येतो त्याच दिशेला परतणारा प्रकाश मोजताना) बी२जी मोड, म्हणजे ७७६ जवळचं अणूंचं कंपन, दिसायलाच नको ना? पण ५३२ नॅनोमीटरच्या लेझरवर ६३३ वेव्हनंबरच्या (सेंमी⁻¹) ए१जी मोडशेजारी ७७६ ला उंचवटा आहेच, आणि ४७५ चा ईजी मोड पार गडप. हे तिरक्या बसलेल्या कणांमुळे, १०० एक्स ऑब्जेक्टिव्हच्या (मायक्रोस्कोपच्या भिंगाच्या) रुंद कोनामुळे, की खालची काचच दिसतेय? मला संशय काचेचाच, फिल्म ५३२ ला पारदर्शक आहे ना. काचेचा स्पेक्ट्रम वजा करू की सिलिकॉन वेफरवर नवी फिल्म टाकू (तिथे ओरिएंटेशनच बदललं तर झालं कल्याण)? पोलरायझर फिरवून कुणी बघितलं असेल तर सांगा प्लीज.