मदत हवी आहे: मणी जांभळे का होत नाहीत?

रसायनग्रस्त: सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचाय, हात टेकलेत. सोडियम अल्जिनेटमध्ये (जेलसारखे मणी होतात ते) डायफेनिलकार्बाझाइड (क्रोमियम ओळखायची पावडर) मिसळून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडलं, साबुदाण्याएवढे मणी झाले. पाण्यात क्रोमियम असलं की मणी जांभळे व्हायला हवेत आणि क्रोमियम शोषूनही घ्यायला हवेत. लॅबमध्ये झाले. अंबडच्या बोअरच्या पाण्यात टाकले तर पिवळट! पावडर बाद निघाली का? लवकर सांगा.

आबा_सिडकोवाले: आमच्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १८० येतो. मीटर घ्या.

गोदाकाठ: आबा, मीटरला क्रोमियम आणि मीठ सारखंच. रसायनग्रस्त, लॅबमध्ये कोणतं पाणी होतं?

रसायनग्रस्त: डायक्रोमेटचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराचं. सरांनी करून ठेवलेलं.

गोदाकाठ: त्यात ॲसिड?

रसायनग्रस्त: सल्फ्युरिक. अर्थात.

गोदाकाठ: आणि बोअरच्या पाण्यात?

रसायनग्रस्त: ते पण घालायचं असतं?

गोदाकाठ: धन्य आहे! ॲसिडशिवाय तो जांभळा रंग येतच नाही. ॲसिड पाण्यात घाल, पाणी ॲसिडमध्ये नको. आणि पिवळट रंग लोहाचाही असू शकतो. पाणी ताजं होतं?

रसायनग्रस्त: कालचं. भरताना स्वच्छ होतं, आता तळाशी तांबूस गाळ आहे. त्याचा काय संबंध?

प्लेटिंगवाला: मणीबिणी सोडा. आम्ही प्लेटिंगच्या (धातूवर क्रोमचा मुलामा देतात त्या) पाण्यात ॲसिड आणि मेटाबायसल्फाइट घालतो, पिवळं पाणी हिरवं होतं. मग चुना, की क्रोम गाळात खाली. वीस वर्षं हेच करतोय.

गोदाकाठ: ते सांडपाण्याला. इथे पोराचा किंवा पोरीचा प्रोजेक्ट आहे.

प्लेटिंगवाला: रंग बदलतो आणि क्रोमही निघतो, अजून काय हवंय?

गोदाकाठ: बरं, रंगाचा मुद्दा मान्य. पण रसायनग्रस्त, मणी जांभळा झाला म्हणजे पाणी साफ झालं असं नाही. अल्जिनेट ऋणभारित, क्रोमेटही (पाण्यात क्रोमियम ज्या रूपात असतं ते) ऋणभारित, ते एकमेकांना धरत नाहीत. शिसं, तांबं धरेल. क्रोमेटला कायटोसान बघ, कोळंबीच्या सालीतून काढतात ते. मणी काढून उरलेलं पाणी पुन्हा तपास. आणि जांभळं झालं नाही म्हणून ‘क्रोमियम नाही’ असं पोस्टरवर लिहू नको. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, एवढं मण्यावर डोळ्याला दिसेलच असं नाही.

सुमनताई: त्या पाण्याचा चहा करून बघ. काळा पडला तर लोखंड. माहेरी बोअर मारल्यावर पहिली परीक्षा हीच असायची.

प्लेटिंगवाला: आता चहा!

गोदाकाठ: हसू नका, चहातलं टॅनिन लोहाशी काळा रंग देतं. ताई बरोबर आहेत, तळाचा तो तांबूस गाळही लोहाचाच असणार. फक्त पिऊ नको.

रसायनग्रस्त: केला. बिनदुधाचा, शाईसारखा झाला. ओतून देत होते तर आई म्हणाली, ठेव, सरांना दाखव. ॲसिडचं उद्या लॅबमध्ये. डायक्रोमेट उरलंय, बेसिनमध्ये ओतू का?

गोदाकाठ: नको!!

प्लेटिंगवाला: मेटाबायसल्फाइट.

आबा_सिडकोवाले: मग मीटर कुठला घेतला?